झाकणावर लिहिलेला नंबर

पत्र

ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली. बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी केलं आणि गेले पाच महिने मुंबईत एका कॅन्सर इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. पेशंटच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, मोजायच्या, थोड्या फ्लोला, म्हणजे पेशी तपासणाऱ्या यंत्राला, लावायच्या, उरलेल्या गोठवायच्या, हे माझं काम. दीड महिन्यापूर्वी एका संध्याकाळी दोन पेशंटची सॅम्पल एकदम आली. सीनियर दादा रजेवर होता. घाईत मी नळ्यांच्या फक्त झाकणांवर नंबर लिहिले. पेशी धुताना चारही झाकणं काढून बाजूला ठेवली आणि परत लावताना कुठलं कुठल्या नळीचं ते कळेना. दोन नळ्यांच्या तळाशी लाल पेशी जास्त होत्या, त्यावरून अंदाजाने लावली. कुणाला सांगितलं नाही. आता दादा त्याच डेटावरून कॉन्फरन्सला ॲब्स्ट्रॅक्ट पाठवतोय, २० तारीख शेवटची. परवाच्या मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, हे दोन पेशंट विचित्र दिसतात, हॉस्पिटलमध्ये रक्त काढणाऱ्यांनीच घोळ घातला असणार. मी मान खाली घालून बसले. झोप लागत नाही. घरी वेगळंच चालू आहे. बाबा गावच्या दूध डेअरीत सचिव आहेत. ते म्हणतात, एवढं शिकून करारावर रक्ताच्या नळ्या धुतेस, त्यापेक्षा बीएड कर, मामा शाळेत चिकटवतो. मलाही वाटतं सोडून द्यावं. राजीनामा दिला तर हे मागे पडेल का?

— झाकणवाली

उत्तर

झाकणवाले,

तुझं पत्र आलं त्या रात्री मी तुला एकाच ओळीचं उत्तर धाडलं होतं: उद्या सकाळी मॅडमना सांग. २० तारीख तोंडावर होती, सदराचा अंक निघेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. तू सांगितलंस की नाही हे मला अजून कळलेलं नाही. सांगितलं असशील असं धरून पुढचं लिहिते. नसशील तर इथंच थांब, त्यांना फोन लाव आणि मग पुढचं वाच.

राजीनाम्याने काही मागे पडणार नाही. तू गेलीस तरी ते दोन ठिपके ग्राफवर राहतील. ते संशयास्पद आहेत हे माहीत असलेलं एकमेव माणूस तेवढं लॅबमधून निघून जाईल. त्यामुळे नोकरी ठेवायची की सोडायची हा प्रश्न आज हातात घेऊच नकोस. तू दोन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारली आहेस. ती सोडवू, पण आधी नळ्यांचं.

ज्यांनी हे काम कधी पाहिलेलं नाही त्या वाचकांसाठी थोडं सांगते. पेशंटचं रक्त हिरव्या किंवा जांभळ्या बुचाच्या नळीतून येतं. हिरव्यात हेपॅरिन असतं, जांभळ्यात ईडीटीए. दोन्ही रक्त गोठू देत नाहीत. दुसऱ्या एका मोठ्या नळीत तळाला फायकॉल नावाचं पाण्याहून जरा जड द्रावण घ्यायचं, नळी तिरकी धरायची आणि पातळ केलेलं रक्त तिच्या आतल्या भिंतीवरून इतक्या हळू सोडायचं की दोघांमधली रेघ मोडता कामा नये. मग अर्धा तास सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, तेही ब्रेक बंद ठेवून, कारण ब्रेकच्या हिसक्याने जमलेले थर पुन्हा ढवळतात. नळी बाहेर काढली की तळाला लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे चहावर धरते तशी पातळ पांढुरकी साय. आपल्याला हव्या असतात त्या पेशी या सायीत. पिपेट गोल फिरवत ती अलगद उचलायची, नव्या नळीत घ्यायची आणि दोनदा धुवायची.

घात होतो तो या नव्या नळीपाशी. हॉस्पिटलचं लेबल जुन्या नळीवरच राहिलेलं असतं. नवी नळी कोरी. आपण तिच्या अंगावर नंबर लिहीपर्यंत त्या पेशी कुणाच्याच नसतात. म्हणून आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: रक्त हातात घेण्याआधी सगळ्या नळ्यांवर लिहून घ्यायचं, अंगावर आणि झाकणावरही, पण झाकणावरचा नंबर हिशेबात धरायचाच नाही. झाकण ही फिरती वस्तू. तुला हे कुणी शिकवलं होतं का? पत्रातून तसं दिसत नाही. पाच महिन्यांच्या मुलीला दोन सॅम्पल देऊन संध्याकाळी एकटं सोडलं हा लॅबच्या व्यवस्थेचा दोष आहे, आणि तो मी तुझ्या पदरात घालणार नाही. अंदाजाने झाकण लावणं आणि त्यानंतर दीड महिना गप्प बसणं एवढंच तुझं. तेवढं मात्र पूर्ण तुझं.

लाल पेशींवरून लावलेला तुझा अंदाज काही कामाचा नाही, हे तुलाही आतून माहीत आहे. साय उचलताना पिपेट जरा खोल गेली की लाल पेशी येतात. त्याचा संबंध बहुतेक वेळा आपल्या हाताशी असतो, पेशंटशी नाही.

आता सांगण्याच्या घाईमागचं कारण. आज सांगितलंस तर हे बहुतेक दुरुस्त होईल. पेशी गोठवलेल्या आहेत ना? मग त्या अजून बोलू शकतात. त्या दोघांपैकी एक बाई आणि एक पुरुष असेल तर गोठवलेल्या नळीतल्या थोड्या पेशींवर वाय गुणसूत्राची पीसीआर करायची; एका दिवसात उत्तर मिळतं. दोघी बायका किंवा दोघे पुरुष असतील तर त्याच पेशंटचं दुसऱ्या वेळचं सॅम्पल शोधायचं. उपचाराआधी आणि उपचारानंतर असं दोनदा रक्त घेणारा अभ्यास असेल तुमचा, तर जोडीदार नळी फ्रीजरमध्ये असण्याची शक्यता बरीच. तिच्याशी ताडून बघता येतं. एचएलए-ए२ ही पेशींवरची खूण काहींच्यात असते, काहींच्यात नसते; इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये ती ओळखणारी अँटिबॉडी बहुधा असतेच. एकाच्या पेशींवर ती असेल आणि दुसऱ्याच्या नसेल तर फ्लोवर अर्ध्या दिवसात निकाल. तेही जमलं नाही तर एसटीआर प्रोफाइल, म्हणजे डीएनएचा ठसा, बाहेरून करून मिळतो. सगळंच फसलं तर दोन्ही सॅम्पल अभ्यासातून वगळायची. दोन पेशंट कमी झाल्याचं वाईट वाटेल, पण ग्राफ खरा राहील. ॲब्स्ट्रॅक्ट गेल्यावर, पोस्टर लागल्यावर, पेपर छापून आल्यावर हेच काम दहापट जड होतं.

एक मात्र करू नकोस. गुपचूप गोठवलेली नळी काढून प्रयोग पुन्हा करून बघायचा मोह होईल. त्या नळ्याही त्याच संध्याकाळच्या आहेत, त्यांचीही अदलाबदल झालेली असू शकते, आणि मोजक्या पेशी खर्चून बसशील. फ्लोच्या मूळ फायलींना हात लावू नकोस. वहीतलं त्या दिवसाचं पान फाडू नकोस, त्यावर व्हाइटनर लावू नकोस. आजची तारीख घालून नव्या पानावर लिही: अमुक तारखेला अमुक दोन सॅम्पलच्या नळ्यांची ओळख धुताना हरवली, झाकणं अंदाजाने लावली. खाली सही. जुन्या पानावर फक्त 'पाहा पान क्रमांक अमुक' एवढी नोंद. ही नोंद करून मगच मॅडमच्या खोलीत जा, म्हणजे बोलताना जीभ वळली नाही तर वही पुढे करता येईल.

बोलताना कारणांपासून सुरुवात नको. दादा रजेवर होता, उशीर झाला होता, हे सगळं खरं असलं तरी ते विचारल्यावर सांग. पहिल्या वाक्यात नंबर, दुसऱ्यात काय झालं, तिसऱ्यात हॉस्पिटलच्या लोकांचा यात काही संबंध नाही. हे तिसरं विसरू नकोस. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त बोचलेली ओळ तीच आहे. रक्त काढणारी ती सिस्टर किंवा तो टेक्निशियन तुमच्या मीटिंगला नव्हता. त्याला ठाऊकही नाही की त्याच्या नावावर काय चढलंय.

हे बोचलं त्याला कारण आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी पहिली लॅब, नाव नको. द्रव नायट्रोजनची टाकी होती, उणे १९६ अंशांची, तिच्यात पेशींच्या कुप्या. पातळी मोजायला लाकडी पट्टी बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, आणि जिथवर पांढरं दव धरेल तिथवर नायट्रोजन. हे माझं काम होतं, आठवड्यातून दोनदा. धनत्रयोदशीला मला रात्रीची एसटी गाठायची होती. पट्टी न बुडवताच वहीत 'पातळी ठीक' लिहिलं आणि सही ठोकली. पातळी आधीच खाली गेली होती. भाऊबीज करून परत आले तेव्हा टाकी कोरडी, कुप्या मऊ. टाकी भरणाऱ्या मामांना सगळ्यांसमोर बोलणी बसली. वहीत माझी सही होती ना, 'ठीक' म्हणून! म्हणजे टाकी त्यानंतरच्या दिवसांत भरली गेली नाही असाच अर्थ निघत होता. मी नऊ दिवस गप्प होते. दहाव्या दिवशी सरांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कुठल्या खान्यात काय होतं याची यादी पुढ्यात ओढली, अर्धी यादी तपासून झाल्यावर मान वर न करता म्हणाले, "मामांना सगळ्यांच्या समोर बोललो होतो मी. तूही सगळ्यांच्या समोरच सांग." सांगितलं. मामा म्हणाले, "जाऊ द्या ताई." आणि पुढचा महिनाभर त्यांनी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला नाही. दुसऱ्या सगळ्यांच्या ठेवला.

तेव्हा नऊ दिवसांत मला जे समजलं ते तुला दीड महिन्यात समजलेलं दिसतंय, फक्त तू त्याला झोप न लागणं म्हणतेस. लॅबमध्ये दडवलेली चूक कधी एका जागी राहत नाही, उताराला लागते, आणि उताराच्या तळाशी जो उभा असेल त्याच्या डोक्यावर बसते. तो कधी प्रोफेसर नसतो.

मॅडम ओरडतील का? ओरडतील बहुतेक. दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर त्यांचं डोकं यादीकडे वळेल, कारण त्या दिवसाचं दुसरं काय काय तपासावं लागेल हे त्यांना तुझ्याहून आधी सुचेल. पेशंटने संमतीपत्रावर सही करून दिलेलं रक्त आहे, तेव्हा नैतिकता समितीला कळवायचं का, हेही त्याच ठरवतील. तो निर्णय तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. दादाचं थोडं अवघड जाईल. ॲब्स्ट्रॅक्ट त्याचं आहे, तुझ्या चुकीने त्याचे आकडे हलणार. त्याला मॅडमच्या आधी सांगू नकोस. आधी सांगितलंस तर तो चांगुलपणाने म्हणेल, "राहू दे, दोनच ठिपके आहेत," आणि मग गप्प बसणारे दोघे होतील.

आणि मॅडमच "राहू दे" म्हणाल्या तर? असं होत नाही असं मी म्हणणार नाही. तसं झालं तर त्याच संध्याकाळी त्यांना चार ओळींचा मेल कर: आज सकाळी आपल्याशी बोलले त्याप्रमाणे या दोन सॅम्पलची ओळख खात्रीची नाही, वहीत पान अमुकवर नोंद केली आहे, पुढे काय करायचं ते कळवावं. त्यात आरोपाचा सूर नको. एवढ्याने बहुतेक माणसं भानावर येतात. तरीही ते ठिपके तसेच पुढे गेले तर मात्र ती लॅब सोडायची वेळ आली असं मी म्हणेन, आणि त्या राजीनाम्याला माझा पाठिंबा असेल.

आता तुझे बाबा. 'रक्ताच्या नळ्या धुतेस' हे त्यांचं वाक्य तुला लागलेलं दिसतं. पण गंमत बघ, तुझी चूक ज्यांना एका वाक्यात समजेल अशा माणसांत तुझे बाबा पहिले. डेअरीत सकाळी रांग लागते, प्रत्येकाच्या दुधाचा नमुना छोट्या बाटलीत घेतात, बाटलीवर सभासदाचा नंबर, आणि त्या बाटलीतल्या फॅटवर त्या माणसाचे पैसे. दोन बाटल्यांची झाकणं फिरली तर? म्हशीवाल्याचं फॅट गाईवाल्याच्या खात्यावर. दूध तेच, मशीन तेच, आकडेही अचूक, आणि हिशेब मात्र सगळा खोटा. विचार त्यांना, अशा वेळी डेअरीत काय करतात. सचिव आहेत, हसून सांगतील, आणि पहिल्यांदा तुझ्या कामाबद्दल काही उलट प्रश्नही विचारतील.

त्यांना पुढचंही सांगता येईल. आपल्याच शरीरातल्या पेशी कॅन्सरवर सोडायच्या ही कल्पना आता नुसती पुस्तकात राहिलेली नाही. टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आवरून धरणारे ब्रेक काढून टाकता येतात हे दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली आणि ४ एप्रिल २०२४ ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं औपचारिक उद्घाटन झालं. काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशंटच्याच टी पेशी काढतात, कॅन्सरच्या पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवतात, वाढवतात आणि त्याच पेशंटला परत देतात.

त्याच पेशंटला! इथं नळीवरचा नंबर हेच निम्मं औषध. शिरेतून निघाल्यापासून शिरेत परत जाईपर्यंत त्या पिशवीची ओळख कुठंही तुटू नये म्हणून त्या उद्योगात माणसं नेमलेली असतात, प्रत्येक टप्प्याला दोघांच्या सह्या लागतात. त्याला ते 'चेन ऑफ आयडेंटिटी' म्हणतात. तुझी झाकणं तिथं फिरली असती तर एकाच्या पेशी दुसऱ्याच्या अंगात गेल्या असत्या. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. ज्या कामाला बाबा धुणं म्हणतात आणि तूही बहुधा तसंच समजू लागली आहेस, ते किती मोलाचं आहे याचा अंदाज यावा म्हणून लिहिते.

ओळख चुकण्याचा इतिहासही या क्षेत्रात मोठा आहे, तू काही पहिली नाहीस. बाल्टिमोरमध्ये १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गाठीतून जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये हेला पेशी वाढल्या. त्या इतक्या जोमदार निघाल्या की जगभरच्या लॅबमध्ये दुसऱ्या पेशींच्या बाटल्यांत घुसून त्यांनी त्यांची जागा घेतली. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ साली जाहीर सभेत सांगितलं की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ पेशीमालिका प्रत्यक्षात हेलाच आहेत. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची वर्षांची मेहनत त्या १८ मध्ये होती. त्याच गे यांच्याकडे आपल्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल रणदिवे शिकून आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, लॅब उभी केली. तू ज्या हुडसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसतेस त्याची इथली वंशावळ तिथून सुरू होते म्हणायला हरकत नाही.

तर नोकरी. मॅडमशी बोलणं झालं, झोप परत आली, की साधारण महिन्याभराने या प्रश्नाकडे बघ. तेव्हाही तुला बीएड करावंसं वाटलं तर जरूर कर. पण तोंड लपवायला शाळेत जाऊ नकोस, कारण तिथं चाळीस पोरं रोज तोंडाकडेच बघत असतात. शिवाय 'मामा चिकटवतो' हे जरा तपासून घे. खासगी अनुदानित शाळांतली भरतीही आता अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर, सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. मामांचा शब्द खरा असेल, पण पोर्टलला मामा नसतो.

लॅबच्या बाजूनेही मी गोड बोलणार नाही. प्रोजेक्ट असिस्टंट ही राहायची जागा नव्हे. प्रोजेक्टचे पैसे संपले की टेबल रिकामं करावं लागतं. कराराचं नूतनीकरण शेवटच्या आठवड्यात होतं, तोवर घरभाड्याचं काय करायचं कळत नाही. पगार कधीकधी दोन महिने अडकतो आणि एकदम येतो. पेपरवर तुझं नाव येईलच असं नाही, आणि आलं तरी ते मधे कुठंतरी. पाच-सहा वर्षं याच पदावर काढलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत. 'पुढच्या वर्षी नेट देते' म्हणत राहिल्या, आणि लॅबलाही त्या तशाच सोयीच्या होत्या. इतक्या सोयीची होऊ नकोस.

दोन वर्षांची मुदत घाल स्वतःला. कॅलेंडरवर तारीख लिही. तेवढ्यात दोन गोष्टी कमवायच्या. एक नेट किंवा गेट. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. या आकड्याने तुझ्या घरातली निम्मी भांडणं मिटतील. सीएसआयआरच्या लाइफ सायन्सेसच्या अभ्यासक्रमात इम्युनॉलॉजी आहे, फ्लो सायटोमेट्री आहे, म्हणजे दिवसा जे हाताने करतेस त्याचेच प्रश्न येतात. सेंट्रिफ्यूजचा तो अर्धा तास मोबाइलवर घालवू नकोस, एवढंच म्हणते. दुसरी गोष्ट म्हणजे फ्लो. नुसतं सॅम्पल लावून यंत्रावर बटण दाबणं नव्हे. एका रंगाची चमक दुसऱ्या रंगाच्या खिडकीत सांडते ती कशी वजा करायची, एकेक रंग गाळून कंट्रोल का लावायचे, मेलेल्या पेशी कशा हाकलायच्या, हे इतकं पक्कं शीक की दादाने ग्राफवर पेशी निवडायला आखलेल्या चौकटीतली चूक तुला दिसली पाहिजे. ज्याला फ्लो खरोखर येतं त्याला पीएचडी नाही केली तरी काम मिळतं: हॉस्पिटलच्या निदान विभागात ल्युकेमियाचे रिपोर्ट फ्लोवरच होतात, कार-टीसारख्या उपचारांच्या कंपन्यांना अशी माणसं हवी असतात, यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांनाही ग्राहकांना शिकवायला लागतात. दोन वर्षांनी यातलं एकही हातात नसेल तर मोकळ्या मनाने बाहेर पड. तेव्हा तो पळ नसेल.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस पण ओळींच्या मागे दिसते. त्या दोन ठिपक्यांमागे तुला माणसं दिसतात. मलाही दिसायची. नळीवर नाव नसतं, फक्त कोड, वय आणि एफ किंवा एम. पण आपल्याच वयाचा आकडा दिसला की हात क्षणभर थबकतो. केमोने शिरा सुकलेल्या असतात, ते दहा मिली काढायला कधी तीनदा टोचावं लागतं. म्हणून तुझी झोप उडाली आहे, आणि ती उडाली म्हणून मी तुझ्यासाठी एवढं लांब लिहिलं. ज्यांची उडत नाही ते मला पत्र पाठवत नाहीत. पण कोडमागचं नाव शोधायला मात्र कधी जाऊ नकोस. एकदा गेले होते मी. नाव कळलं, आणि पुढे काय झालं तेही कळलं, आणि मग त्या बाईच्या उरलेल्या सगळ्या नळ्यांवर माझी पिपेट नीट चालेना.

कळव मला, मॅडम काय म्हणाल्या ते.

तुझी,
ताई

ता. क. १: हिपॅटायटिस बीची लस घेतली आहेस का? शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. पहिले दोन सगळे घेतात, तिसरा सगळे विसरतात. रुजू होताना पहिला घेतला असशील तर तुझा तिसरा पुढच्या महिन्यात आहे. आणि सुई टोचलीच कधी, तर जखम दाबायची नाही, तोंडात घालायची नाही, साबण आणि वाहतं पाणी, आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम. इथं दीड महिना चालत नाही.

ता. क. २: हेल्दी कंट्रोल, म्हणजे तुलनेला निरोगी रक्त, हवं म्हणून स्वतःचं रक्त काढून त्यावर काम करू नकोस, दादा कितीही म्हणाला तरी. विषाणू वापरून बदललेल्या परक्या पेशी चुकून अंगात गेल्या तर शरीर त्यांना हाकलून देतं. आपल्याच असतील तर ओळखून आत घेतं.

ता. क. ३: मार्कर बदल. साध्या मार्करची शाई ७० टक्के अल्कोहोल लागलं की पुसली जाते, आणि हुडमध्ये नेण्याआधी नळी अल्कोहोलने पुसायचीच असते. अल्कोहोलला न जुमानणारे मार्कर मिळतात. लॅबला मागवायला सांग, आणि येईपर्यंत नंबरावर पारदर्शक टेप चिकटव.